स्टुडिओत शिकवायला कुणालाच वेळ नाही, मग शिकायचं कसं?

पत्र थोडक्यात: व्हिज्युअल कम्युनिकेशनचं शिक्षण पूर्ण करून एक वाचक एका ब्रँडिंग स्टुडिओत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपवर आहे. तीन महिने संपले. या काळात तिच्या वाट्याला मुख्यतः एकच काम आलं: दुसऱ्याने केलेल्या डिझाइनचे वेगवेगळे साइज काढणं. मधूनमधून फोटोंचं कटिंग आणि प्रिंटला जाणाऱ्या फाइल तपासणं. लोगोच्या कामात किंवा क्लायंटच्या मीटिंगमध्ये तिला घेत नाहीत. सीनियर स्वभावाने चांगल्या आहेत, पण कायम डेडलाइनखाली असतात. त्या करेक्शन सांगतात, त्यामागचं कारण सांगत नाहीत. इकडे तिच्या वर्गातल्या मुलांचे पोर्टफोलिओ मोशन आणि थ्रीडीने भरत चाललेत. म्हणून ती रात्री मोशन ग्राफिक्स, थ्रीडी आणि यूआय (ॲप-वेबसाइटच्या स्क्रीनचं डिझाइन) असे तीन ऑनलाइन कोर्स एकदम करतेय आणि तिन्ही अर्धवट आहेत. तिचा प्रश्न: ‘इथे नवीन काहीच शिकायला मिळत नाही. सोडून देऊ, तोंड उघडून चांगलं काम मागू, की गप्प राहून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडू?’

उत्तर:

सोडू नकोस. निदान ‘साइज काढायला लावतात’ एवढ्या कारणासाठी तरी नको. पण गप्प राहून सर्टिफिकेट घ्यायचा तुझा तिसरा पर्याय मला पहिल्याहूनही वाईट वाटतो. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट निरखून वाचणारा डिझायनर मला अजून भेटलेला नाही. मुलाखतीत पोर्टफोलिओ उघडतात, एखाद्या पानावर थांबतात आणि विचारतात, ‘हे असं का केलंस?’ या प्रश्नाला धड उत्तर देता यावं, यासाठीच तर हे सहा महिने असतात.

आता तुझ्या पत्राकडे वळू. शिकायच्या राहून गेलेल्या गोष्टींची जी यादी तू दिली आहेस, त्यात जवळजवळ सगळी सॉफ्टवेअरची नावं आहेत. यात तुझा दोष नाही, नोकरीच्या जाहिरातीही तशाच असतात. तरी या क्षेत्रात सॉफ्टवेअरचं आयुष्य किती असतं तेही एकदा बघ. पानं मांडायचं पेजमेकर १९८५मध्ये आलं आणि छपाईचं जग बदलून निघून गेलं. मग त्याच कामासाठी क्वार्कएक्सप्रेसचं राज्य आलं, १९९९मध्ये इनडिझाइन आलं आणि काही वर्षांत क्वार्कही मागे पडलं. चित्रं काढायच्या फ्रीहँडवर हात बसलेल्या लोकांना २००७मध्ये दुसरीकडे वळावं लागलं. फ्लॅशवर तर किती जणांची पोटं होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश प्लेयरचा सपोर्ट बंद केला. पण ज्यांनी फ्लॅशमध्ये चांगलं ॲनिमेशन केलं होतं, त्यांची टायमिंगची समज कुठे गेली नाही. कुठलं बटण कुठे आहे एवढी माहिती काय ती वाया गेली. बटणांची माहिती कोर्समधून मिळते, आणि छान मिळते. त्यासाठी स्टुडिओत बसायची गरज नाही. काय ठेवायचं, काय काढायचं आणि ते कशाच्या जोरावर ठरवायचं, हे मात्र चालू कामाशेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

तू म्हणशील, मला तर शेजारी बसूच देत नाहीत, मी कोपऱ्यात साइज काढतेय. ठीक आहे, तर मग साइजबद्दलच बोलू.

समज, ए३ पोस्टर आहे, उभं. त्यावर सहा गोष्टी आहेत: फोटो, दोन ओळींचं हेडिंग, त्याखाली सबहेड, तारीख, लोगो आणि तळाशी अटींची बारीक ओळ. याचा १०८०×१९२०चा उभा साइज करणं सोपं आहे. थोडं ताणलं, थोडं सरकवलं की झालं. पण ७२८×९०चा आडवा बॅनर कर म्हटलं की खरी परीक्षा सुरू होते. उंची ९० पिक्सेल. देवनागरी हेडिंगच्या दोन ओळी त्यात बसवायला गेलीस की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. ओळींमधलं अंतर वाढवलंस तर अक्षरं इतकी बारीक होतात की वाचताच येत नाहीत. म्हणजे हेडिंग एका ओळीत आणायला हवं. मग सबहेडचं काय? बहुधा जाणार. फोटोत माणूस आणि त्याच्या हातातली वस्तू दोन्ही आहेत; या पट्टीत दोघांना जागा नाही. चेहरा ठेवायचा की वस्तू? अटींची ओळ काढायची का, हे ठरवायचा तर तुला अधिकारच नाही, ते क्लायंटला विचारावं लागतं. आणि लोगोभोवती किती मोकळी जागा सोडायची हे ब्रँड गाइडलाइनमध्ये लिहिलेलं असतं, म्हणजे ती उघडून वाचणं आलं.

कॉलेजात ‘हायरार्की’ (आधी काय दिसावं, नंतर काय, हा क्रम) नावाचा जो तास झाला असेल, त्याचा हा प्रयोग तू रोज करतेस. मूळ पोस्टर करणाऱ्याने सहा गोष्टी मांडल्या, त्याच्याकडे जागा होती. सहातल्या तीन कुठल्या टिकवायच्या हे तुला ठरवावं लागतं. अर्थात, तू ते खरंच ठरवत असशील तरच. मास्टर फाइल घेतली, सगळं लहान केलं, कोंबलं आणि पाठवलं असं करत असशील, तर तुझी तक्रार बरोबर आहे, त्यात शिकण्यासारखं काही नाही.

प्रिंटच्या फाइल तपासण्याचंही तसंच. एक उदाहरण देते. इलस्ट्रेटरमध्ये काळ्या मजकुराला कुणीतरी ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच छापायची सूचना) लावलेलं असतं, आणि ते योग्यच असतं. नंतर पार्श्वभूमी गडद होते, म्हणून मजकूर पांढरा केला जातो. रंग बदलतो, ओव्हरप्रिंट मात्र तसंच राहतं. स्क्रीनवर पांढरी अक्षरं झकास दिसतात. छापून येतं तेव्हा अक्षरं गायब झालेली असू शकतात. कारण नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसतेच. पांढरं म्हणजे तेवढ्या जागी खालचा रंग न छापता कागद उघडा ठेवणं. ओव्हरप्रिंट नेमकं उलटं सांगतं: खालचा रंग छापू दे. ‘ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू’ चालू केला की ही भानगड आधीच दिसते. अशा पाचसात गोष्टी एकदा कारणासकट कळल्या की पुढे आयुष्यभर कामाला येतात. बारीक मजकूर चार शायांचा काळा का ठेवायचा नाही? प्रत्येक शाईची एक अशा चार प्लेट जराशा हलल्या तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. ३०० पीपीआयचा (इंचाला ३०० पिक्सेल) फोटो दुप्पट मोठा करून लावला की तो १५०चा होतो. ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जाणारा जादा रंग, न सोडल्यास कापताना कडेला पांढरी रेघ येऊ शकते. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) नसलेल्या परिच्छेदात देवनागरी टाकली की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. यातली एखादी चूक छपाईनंतर सापडली तर किती हजार प्रती रद्दीत जातील, याचा विचार कर. तुझ्याकडे तपासायला येणारी फाइल ही स्टुडिओने तुझ्यावर टाकलेली बऱ्यापैकी मोठी जबाबदारी आहे. कुणी तसं बोलून दाखवलं नसेल, एवढंच.

पण तुझी खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला रास्त वाटते. करेक्शन मिळतं, कारण मिळत नाही. ‘लोगो डावीकडे घे’, ‘हे जड होतंय’, ‘दुसरा ग्रीन बघ’. बस्स. यातून शिकायचं काय?

इथे बहुतेक इंटर्न सीनियरला ‘का?’ विचारतात, आणि तेही फाइल पाठवायला दहा मिनिटं उरलेली असताना. मग उत्तर तुटक येतं, किंवा येतच नाही. माझा सल्ला असा आहे की कारण मागू नकोस, आधी तुझं कारण दे. फाइल पाठवताना सोबत एक ओळ लिही: ‘७२८×९०मध्ये सबहेड काढली आहे, ठेवली तर तारीख वाचता येत नव्हती. फोटोत वस्तू ठेवली, चेहरा कापला, कारण हेडिंग वस्तूबद्दल आहे.’ लिहायला तुला दोन मिनिटं लागतील, वाचायला त्यांना दहा सेकंद. कितीही घाईत असलेली सीनियर तुझं कारण चुकलेलं दिसलं की गप्प बसत नाही. ‘नाही, या क्लायंटला चेहराच हवा असतो, त्यांची सगळी कॅम्पेन त्या चेहऱ्यावर उभी आहे’ असं काहीतरी आपसूक येतं. ज्या कारणासाठी तीन महिने थांबलीस ते हेच. शिकवायला वेळ नसलेल्या माणसालाही चूक दुरुस्त करायला वेळ असतो, आणि आपला विचार कागदावर दिसला तरच लोक तो दुरुस्त करतात. नाहीतर फक्त फाइल दुरुस्त होते.

एक धोकाही सांगते. ही ओळ म्हणजे सबब नव्हे. ‘मी असं केलं कारण वेळ कमी होता’ हे कारण नाही. आणि तीन ओळींच्या वर जाऊ नकोस. डिझाइन समजावणारा निबंध कुणी वाचत नाही.

सोबत करेक्शनची वही ठेव. डिजिटल ठेव, कागदी ठेव, हरकत नाही. आधीचं काय होतं, नंतर काय झालं आणि तुझ्या मते का, इतकंच लिहायचं. तिसरा रकाना महत्त्वाचा, तो अंदाजाने का होईना, पण भर. काही आठवड्यांनी उलटून पाहिलंस की तेच तेच प्रकार पुन्हा दिसतील: मोकळी जागा कमी सोडतेस, किंवा एकाच पानावर तीन वजनांचे, म्हणजे तीन जाडीचे, फॉन्ट वापरतेस, असं काहीतरी. पुढे काय शिकायचं याची तुझी खरी यादी तिथे तयार होते, आणि ती वर्गमित्रांच्या यादीहून वेगळी असणार. सीनियरकडे महिन्यातून एकदा अर्धा तास माग, त्यातल्या दोनच नोंदी घेऊन जा. वेळ निवडताना मोठी फाइल गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ निवड. शुक्रवारची संध्याकाळ निवडणाऱ्याला मी काही मदत करू शकत नाही.

आता काम मागण्याबद्दल. माग, जरूर माग. पण ‘मला लोगोच्या कामात घ्या’ ही मागणी कुणालाही अवघड जाते, कारण तिला होकार दिला तर तुझ्यासाठी नेमकं काय करायचं हे शोधायचं काम त्यांच्याच डोक्यावर येतं. त्यापेक्षा असं म्हण: ‘पुढच्या आयडेंटिटीच्या (लोगो, रंग वगैरे ब्रँडची ओळख ठरवायच्या) कामाचा सुरुवातीचा रिसर्च मी करू का? त्या क्षेत्रातल्या ब्रँडचे लोगो, रंग आणि टाइप एका बोर्डवर लावून बुधवारपर्यंत देते. साइजेस त्याआधी संपवते.’ यात काम ठरलेलं आहे, दिवस ठरलेला आहे आणि तुझं आत्ताचं काम अडणार नाही याची हमी आहे. नाही म्हणणं कठीण.

मीटिंगचंही तेच. ‘मीटिंगला येऊ का?’ याऐवजी ‘मीटिंगच्या नोंदी मी लिहून पाठवू का?’ विचार. नोंदी लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. आत गेलीस की क्लायंटपेक्षा तुझ्या सीनियरकडे लक्ष ठेव. ‘जरा पॉप होऊ द्या’ असं क्लायंट म्हणाला की त्या लगेच रंग बदलतात, की उलट विचारतात, ‘हे लागणार कुठे? किती अंतरावरून वाचलं जाणार?’ चांगला डिझायनर मीटिंगमधून बाहेर येतो तेव्हा करेक्शनच्या यादीतली निम्मी करेक्शन गळलेली असतात, आणि तरी क्लायंट खूश असतो. हे कुठल्याही कोर्समध्ये दाखवत नाहीत.

स्टुडिओच्या सर्व्हरवर जुनी कामं असतील. परवानगी घेऊन एखाद्या कामाचं पहिलं प्रेझेंटेशन आणि छापलेली अंतिम फाइल शेजारी शेजारी उघड. मधे काय काय मेलं ते बघ. मग ज्याने ते काम केलं त्याला विचार. जुन्या कामाबद्दल बोलायला लोकांना आवडतं, कारण त्यावर आता डेडलाइन नसते.

रात्रीच्या कोर्सबद्दल फार लिहित नाही. तीनातले दोन बंद कर. थ्रीडी सध्या बाजूला ठेव. पत्रात त्याबद्दल ‘सगळे करतात’ यापलीकडे एकही कारण नाही. राहता राहिलं मोशन किंवा यूआय, त्यातलं जे तुझ्या स्टुडिओच्या कामाला जाऊन भिडतं ते ठेव. बॅनर करत असशील तर मोशन. मग कोर्समधल्या सरावाचा उसळणारा चेंडू सोड आणि स्टुडिओतलाच एखादा प्रसिद्ध झालेला बॅनर पाच सेकंद हलवून दाखव. आधी काय येतं, शेवटी काय थांबतं, हा पुन्हा हायरार्कीचाच प्रश्न, फक्त आता वेळेत मांडलेला. हे सीनियरला दाखवलंस तर पुढचं हलतं काम कुणाकडे जाईल ते मी सांगायला नको.

हवं तर आणखी एक गोष्ट शिक, फार कुणी कौतुक करणार नाही अशी: तुझं रटाळ काम कमी करणारी. फोटोशॉपमधल्या ॲक्शन, इलस्ट्रेटरमध्ये आर्टबोर्ड एकगठ्ठा एक्स्पोर्ट करणं, इनडिझाइनचं डेटा मर्ज, फिग्मातले कंपोनंट. फाइल काढण्यात जाणारा वेळ वाचला की काय ठेवायचं यावर विचार करायला तो मिळतो. एआयची साधनं वापरणार असशील तर आधी स्टुडिओला विचार. क्लायंटचं बाजारात न आलेलं काम परस्पर कुठल्याही वेबसाइटवर चढवणं हे इंटर्नशिप संपवणारं कारण ठरू शकतं.

हे सगळं इंटीरियर किंवा प्रॉडक्टच्या स्टुडिओत बसलेल्या वाचकांनाही लागू आहे. तिथे साइजऐवजी ड्रॉइंगमधली करेक्शन असतात किंवा कॅडची अकरावी आवृत्ती असते. ड्रॉइंगसोबत ‘दार आतल्या बाजूला उघडलं तर कपाटाला अडतं, म्हणून बिजागरी उलट घेतली’ एवढी ओळ गेली, तरी तोच परिणाम होतो.

तुझा राग सगळाच गैरलागू आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. इंटर्न म्हणजे स्वस्तातले हात, असं समजणारे स्टुडिओ आहेत. कारणासकट फाइल पाठवूनही महिनाभरात कुणी एक शब्द उलट बोलला नाही, दोनदा नेमकं काम मागूनही नुसतं ‘बघू’ ऐकायला मिळालं, ठरलेला स्टायपेंड लांबवला जातोय, रात्री उशिरापर्यंत बसणं नेहमीचंच झालंय किंवा सगळ्यांसमोर अपमान होतोय, तर सोड. त्यात कमीपणा नाही, आणि चिकाटीच्या नावाखाली असल्या जागी राहण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. तुझ्या सीनियर चांगल्या आहेत असं तूच लिहिलं आहेस, म्हणून मी महिनाभर थांब म्हणतेय. त्यांच्याबद्दल हे वाक्य लिहिता आलं नसतं, तर माझं उत्तर वेगळं असतं.

वर्गमित्रांचे पोर्टफोलिओ बघणं थांबव असं सांगून काही उपयोग नाही, तू बघणारच. फक्त बघताना एवढं लक्षात घे की त्यातलं बरंचसं काम स्वतःच स्वतःला दिलेलं असतं. क्लायंट नाही, अटींची ओळ नाही, ९० पिक्सेलची पट्टी नाही. देखणं दिसणारच.

तुझ्या पोर्टफोलिओत साइजचं काम टाकता येईल का, असा प्रश्न तुझ्या मनात असेलच. येईल, पण चाळीस बॅनरची रांग लावू नकोस. एक पान कर: मूळ डिझाइन, त्याखाली सर्वांत अवघड चार साइज, आणि प्रत्येकाखाली काय काढलं व का ते एका ओळीत. त्या ओळी तू रोज लिहीत असशील, तर पान अर्धं तयारच असेल. श्रेय स्पष्ट लिही: संकल्पना स्टुडिओची, रूपांतर माझं. यासाठी स्टुडिओची परवानगी लागेल, आणि बाजारात न आलेलं काम तर अजिबात टाकायचं नाही. ही परवानगी निरोपाच्या दिवशी मागू नकोस, दोन आठवडे आधी माग. कुठली कामं, कुठे दाखवणार, तुझा वाटा काय, हे लिहून मेलवर माग. तोंडी मिळालेलं ‘हो, टाक की’ सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.